मापाचा कपडा

गिऱ्हाइकं तिला पाठीमागे बिनटेपबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिच्या कानावर यायचंच. दुकान थाटून बसलेल्या माणसाला आपलं टोपणनाव कळलं नाही असं कधी झालंय का? आणि नाव काही खोटं नव्हतं. हातात कसब असं की कोटाला बाही लावली तर ती तिथंच उगवली असं वाटावं. पण माप घ्यायचं म्हणून नाव नाही. लग्न ठरलेली मुलगी येवो, पोट सुटलेला मॅनेजर येवो, बाईंचा प्रश्न एकच.

"मापाचा कपडा आणलाय?"

"नाही आणला. टेप आहे की तुमच्या गळ्यात!"

"ती कपड्यांसाठी. माणसांसाठी नाही. घरी जा आणि अंगाला नीट बसणारा एखादा जुना कपडा घेऊन या."

माणसं कुरकुरत जायची आणि मुकाट घेऊन यायची, कारण तिनं शिवलेलं बसायचंच तसं. जुना कपडा टेबलावर पालथा घालून ती बघत राहायची. इथं ओढ बसते, इथं घासतंय, डावा खांदा जरा खाली आहे, हे गृहस्थ जड पिशवी नेहमी त्याच हातात धरतात. अंगाला बोट न लावता अंगाची सगळी हकिकत तिला कळायची.

दुकान मूळचं आईचं. आई मात्र टेप वापरायची, तोंडात टाचण्या धरून माणसाभोवती गोल फिरायची. आई गेल्यावर दुकान धाकटीकडे आलं. ही धाकटी म्हणजेच आपली बिनटेपबाई. थोरलीला, म्हणजे ताईला, दुकान नकोच होतं. "तिला त्या घरातलं काहीच नको होतं," असं धाकटी म्हणायची, आणि आवाज असा काढायची की ऐकणाऱ्यानं पुढे विचारू नये.

बातमी आणली ती काजवालीनं. काजं-बटणं करायला येणारी ही बाई वयानं मोठी, नजरेनं तेज, आणि तोंडाला कुलूप नावाची वस्तू माहीत नसलेली. दिवसभर रेडिओ चालू, त्याच्यावर हिची टीका चालू.

"ऐकलंस का गं? लहान पोरांच्या वाटेला जाणाऱ्यांना आता म्हणे मुदतच नाही."

"कसली मुदत?"

"तक्रारीची! आधी अमुक वयापर्यंत सांगितलं तर ठीक, नाहीतर गेलं वाऱ्यावर. आता तो नियमच काढून टाकला. पोर म्हातारं होऊन काठी टेकत आलं तरी ऐकून घ्यायचं. जुनी प्रकरणंसुद्धा घेणार आहेत. बरं झालं मेल्यांना!"

धाकटीच्या हातातली कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. कात्री अशी मध्येच थांबवायची नसते, कडेला दात पडतो. हे ती स्वतःच शिकाऊ मुलींना ओरडून सांगायची. दात पडला. महागाचं कापड होतं, पण तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. काजवालीनं पुन्हा सांगितलं, आणि मग आपल्या सवयीविरुद्ध गप्प बसली, कारण समोरचा चेहरा पाहून तिला काहीतरी उमगलं होतं.

दुकानातून घरी जायच्या रस्त्यावर पोहण्याचा तलाव होता. जवळचा रस्ता दुसराच होता, तरी धाकटी रोज याच रस्त्यानं जायची. काय म्हणावं अशा माणसाला? भिंतीपलीकडून क्लोरीनच्या पाण्याचा वास यायचा, पोरांचा गलका यायचा, आणि तिची पावलं हळू व्हायची. तिला पाणी हवं होतं. चाळिशी उलटली तरी तिला पाणी हवंच होतं. पाठीवर तरंगताना कान पाण्याखाली गेले की सगळं जग मुकं होतं आणि फक्त आपलाच श्वास ऐकू येतो, ते सुख नऊ वर्षांची असताना तिला मिळालं होतं आणि दहाव्या वर्षी गेलं होतं.

आणि पाण्याबरोबर ताई. दोघी बहिणी एकत्र जायच्या. पोहून झालं की ताई टॉवेलानं तिचं डोकं इतक्या जोरात पुसायची की मान लटलट हलायची. "थांब गं, मान मोडशील!" "मोडू दे, नवीन लावू!" आता स्वतःचं डोकं पुसताना धाकटीला कधीकधी तो टॉवेल आठवायचा आणि हात तसाच राहायचा.

त्या घराचं असं होतं की सगळं कुटुंब तलावाच्या जिवावर होतं. वडील तिथं पंप चालवायचे. ती नोकरी तिथल्या पोहण्याच्या संघाच्या कोचनं शब्द टाकून लावून दिलेली. आई संघाचे ट्रॅकसूट शिवायची. ते कामही कोचनंच दिलेलं. ताई संघातली आशा. घरात कोचचं नाव निघालं की वडील बसल्या जागी सरळ व्हायचे.

कोच धाकटीला पंपाच्या मागच्या खोलीत बोलवायचा. "तुझ्या आईला माप पाठवायचंय," म्हणायचा. त्या खोलीत काय झालं ते धाकटीनं पुढे पोलिसांना सांगितलं, वकिलांना सांगितलं. इथं पुन्हा सांगायची गरज नाही. एवढं पुरे की ते माप नव्हतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीला वाटलं की हे आईनंच मागवलंय.

म्हणून ती आईकडेच गेली. सगळे जेवायला बसले होते.

"आई, कोच सारखं माप घेतात. तू सांग ना त्यांना. मला नको माप."

आधी ताई हसली. मग वडील हसले, ठसका लागेपर्यंत. मग आईसुद्धा हसली. "वाढतं अंग आहे गं. माप घेणारच की."

दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी विचारलं असतं, कसलं माप? कशाला? पण ते शिंप्याचं घर. तिथं माप हा शब्द मिठासारखा, दिवसातून पन्नासदा यायचा. पोरीनं घरातलाच शब्द घरात आणून टाकला आणि तो इतर शब्दांत मिसळून गेला.

मग महिनाभरानं तिनं सांगितलं की कान दुखतो. पाणी गेलं की फार दुखतो. हे मात्र सगळ्यांना पटलं. खरं सांगितलं तेव्हा हसले, खोटं सांगितलं तेव्हा डॉक्टरकडे नेलं! डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं, आईशी आत काहीतरी बोलले, आणि बाहेर येऊन आईनं जाहीर केलं की हिचं पोहणं बंद, कायमचं. त्यानंतर रोज संध्याकाळी आईच्या मांडीवर डोकं, आणि कानात औषधाचे थेंब. कोमट थेंब. आई तिचे केस मागे सारायची आणि थेंब आत उतरेपर्यंत हलू द्यायची नाही. दुखत नसलेल्या कानाचं ते औषध पुढे तीन-चार वर्षं चाललं. धाकटीला मनातून लाज वाटायची की आपण आईला फसवतोय. पण ती मांडी सोडवतही नव्हती. आजही आई आठवायची ती तशीच, खालून दिसणारी, हातात छोटी बाटली धरलेली.

आई जाईपर्यंत तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. वडील तर त्याआधीच गेले होते. आईमागे घर आवरताना मात्र तिनं ताईला सगळं सांगितलं, कपाटासमोर जमिनीवर बसून. ताई आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही.

"मला तर त्यांनी कधी काही केलं नाही," ताई म्हणाली. "आणि आता आई नाही. आता कशाला उकरून काढतेस?"

धाकटी एकटीच पोलिसांकडे गेली. समोरचा अधिकारी भला माणूस होता, सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाला, "बाई, मुदत होऊन गेली. दोन वर्षं आधी आला असतात तर..." दोन वर्षं आधी आई होती. आई असताना आईला कसं सांगणार होती ती, की तू हसलीस?

कपाटासमोरच्या त्या दिवसापासून बहिणींचं बोलणं तुटलं होतं. ताई दूरच्या वस्तीत राहायची, नवरा, एक मुलगी. कपाट भरून पदकं असलेल्या या ताईनं मुलीला पाण्यात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. "क्लोरीननं केस खराब होतात," असं कारण ती लोकांना द्यायची. लोक हसायचे. धाकटीच्या कानावर हे आलं तेव्हा तीही कडवट हसली होती, आणि त्याचा पुढे विचार केला नव्हता.

काजवालीच्या बातमीनंतर धाकटी वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई वयानं तिच्याहून लहान, पण घाईच्या नाहीत.

"तुमचं म्हणणं घेतील. मुदतीची टांगती तलवार आता नाही," त्या म्हणाल्या. "पण इतक्या जुन्या गोष्टीत तुमचा एकटीचा शब्द आणि त्यांचा शब्द असं होईल. तुम्ही त्या वेळी कुणाला सांगितलं होतं?"

"जेवताना. घरच्यांना. सगळे हसले."

"हसले का, ते महत्त्वाचं नाही. ऐकलं हे महत्त्वाचं. त्यातलं आज कोण आहे?"

"ताई आहे," धाकटी म्हणाली. तो शब्द तिनं बऱ्याच वर्षांत मोठ्यानं उच्चारला नव्हता.

"मग त्यांनी एवढंच सांगायचं, की लहानपणी हिनं माप घेतात असं सांगितलं होतं. वेळ घ्या. पण सोडू नका. तो माणूस अजून तलावावर जातो, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. कोच आता थकला होता. रविवारी तलावाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा, गळ्यात शिट्टी. नवीन पोरं त्याला आजोबा म्हणायची.

धाकटीनं ताईला निरोप धाडला, फोनवर, दोन ओळींचा. 'तुझी साक्ष हवी आहे. तू ऐकलं होतंस एवढंच सांग.' दहादा लिहून दहादा पुसला होता. खरं तर तिला लिहायचं होतं, ये गं, नुसती ये, साक्ष गेली खड्ड्यात. ते काही लिहिलं नाही. उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. दाराची घंटी वाजली की ती मान वर करायची आणि समोर कुणाची तरी पँट उभी असायची.

"बहिणीची वाट बघतेस ना?" काजवालीनं एक दिवस विचारलंच.

"नाही."

"बरं. मग त्या बाहीला कॉलर का लावलीस?"

लावली होती खरी. धाकटीनं निमूट उसवायला घेतली.

ताई आली ती भर दुपारी, दुकान जेवणासाठी बंद करायच्या वेळी. केस पांढरे झालेले, खांदे मात्र अजून पोहणारणीचेच, दारात मावत नसलेले. काजवालीनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि "मला बटणं आणायचीयत" असं म्हणून निघून गेली. बटणांचे डबे तिच्या समोर ओतून ठेवलेले होते.

"मापाचा कपडा आणायला लागतो म्हणे तुझ्याकडे," ताई म्हणाली.

"आणलायस?"

"नाही."

दोघी उभ्याच. धाकटीनं स्टूल पुढे सरकवलं. ताई बसली आणि टेबलावरची टेप उचलून बोटांभोवती गुंडाळायला लागली.

"मी साक्ष दिली तर तेवढ्यावर भागणार नाही," ती म्हणाली. "पुढे विचारतील. आणि मग कोर्टात उभं राहून मला आईचं माप काढावं लागेल. म्हणून आले नव्हते."

"आईचं काय? आई हसली, बस. तिला कळलं नाही. घरात सतत तेच तर चालायचं, माप, माप."

"तिला कळलं होतं."

धाकटीनं टेबलाची कड धरली.

"संघाचे ट्रॅकसूट ती कशावरून शिवायची, तुला ठाऊक आहे? जुन्या ट्रॅकसूटवरून. मापाच्या कपड्यावरून, तू शिवतेस तसं. मीच आणायचे पिशवी भरून. कोचनं आईला कधीच माप पाठवलं नाही, एकदासुद्धा नाही. तिनं मागितलंच नव्हतं." ताईच्या बोटावरची टेप घट्ट झाली होती. "तू जेवताना बोललीस ना, तेव्हा तिचा हात ताटावर थांबला. मी बघत होते. मग बाबा हसले म्हणून ती हसली."

"पण मग..."

"बाबांची नोकरी. शिलाईचं काम. मला काय माहीत तिच्या डोक्यात काय चाललं होतं? तुझ्या कानाला काही झालेलं नाही, हे डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं बाहेर येऊन काय सांगितलं, आठवतंय ना? पोहणं बंद. मला म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस." ताई थांबली. "ते औषध नव्हतं गं. बाटलीत उकळून कोमट केलेलं पाणी असायचं. मीच भरून द्यायचे."

धाकटी खाली बसली. जमिनीवर, चिंध्यांच्या ढिगात. तिचा हात आपोआप कानावर गेला. तीन-चार वर्षं रोज संध्याकाळी आई तिच्या धडधाकट कानात पाणी घालत होती, म्हणजे आई रोज संध्याकाळी तिला सांगत होती की तुझं खरं आहे, मला ठाऊक आहे, माझ्याच्यानं एवढंच होतं. तिला आईचा असा राग आला की ओरडावंसं वाटलं, आणि तेवढीच ती मांडी हवीशी वाटली, आत्ता, या क्षणी.

"एकदा तरी बोलायचं होतं तिनं," ती म्हणाली. "एकदा तरी, की मला पटलंय."

"मला विचारलं होतं तिनं," ताई म्हणाली. "त्या जेवणानंतर, दुसऱ्या दिवशी. इथंच, या टेबलापाशी. तुझंही घेतात का गं माप? असं."

"मग?"

"मी नाही म्हणाले. स्पर्धा तोंडावर आल्या होत्या." टेप सुटून खाली पडली. "हो म्हणाले असते तर तिनं काहीतरी केलं असतं."

धाकटीनं बहिणीकडे पाहिलं. आधी हसलेली ताई. मुलीला पाण्याजवळ जाऊ न देणारी ताई. कपाटासमोर घड्या घालत राहिलेली, हात न थांबवता, कारण थांबले असते तर. हे सगळं इतकी वर्षं समोर होतं, आणि कपड्यांवरून माणसं वाचणाऱ्या हिला आपल्या सख्ख्या बहिणीचं काही वाचता आलं नव्हतं.

"काय केलं असतं तिनं?" धाकटी म्हणाली. "दोघींच्या कानात पाणी घातलं असतं."

ताईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ते हसू आहे की काय, हे तिलाही कळलं नसावं. मग दोघीही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि पाणी आल्यावर हसू थांबलं तरी ते काही थांबलं नाही. ताई स्टुलावरून उतरून चिंध्यांतच बसली. हाताला लागलं ते एक फडकं उचलून तिनं धाकटीचा चेहरा पुसायला घेतला, तसाच, मान हलेल इतक्या जोरात.

"थांब गं, मान मोडशील," धाकटी म्हणाली.

यावर जे उत्तर यायचं ते आलं नाही. ताई फडक्याकडे बघत होती.

"तुझ्या त्या वकीलबाई," ती म्हणाली. "एका तक्रारीत दोघी चालतात का? मला नीट सांगता येणार नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही गं, यांनासुद्धा नाही. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. फार वेळ लागेल मला."

धाकटीनं उठून दुकानाचं दार आतून लावलं. गिऱ्हाईक आलं तर येऊ दे, उद्या येईल. ती परत येऊन बहिणीला खेटून बसली.

"लागू दे," ती म्हणाली. "आता मुदत नाही, ताई. सावकाश सांग."